झेंडूचा रंग टिकतो, मग मोगरा का तपकिरी पडतो?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तोरणातला झेंडू बहुतेक घरांतून निर्माल्यात जातो. तोच नीट वाळवला तर दिवाळीच्या रांगोळीत भरता येतो, आणि केशरी रंगही फारसा उतरत नाही. मोगऱ्याचा गजरा मात्र एका रात्रीत कडांनी तपकिरी पडायला लागतो. दोन्ही फुलं एकाच घरात, एकाच हवेत सुकतात. फरक पडतो तो पाकळीच्या पेशीत काय साठवलंय यामुळे.

ताज्या पाकळीत वजनाच्या साधारण 80 ते 90 टक्के पाणीच असतं. ते जाताना पेशींच्या आतले पडदे फाटतात आणि एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारे फिनॉल गटातले पदार्थ आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) एकत्र येतात. हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्यातून तपकिरी द्रव्य तयार होतं. चिरलेलं वांगं काळं पडतं ते याच क्रियेमुळे. पण या विकराला कामासाठी पाणी लागतं. त्यामुळे पाकळी जितकी झटपट कोरडी होईल तितका तपकिरीपणा कमी. मोगऱ्याची अडचण अशी की डाग झाकायला त्याच्याकडे रंगच नाही.

झेंडूचा रंग ल्युटिनसारख्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. ही द्रव्यं पाण्यात नाही, तर स्निग्ध पदार्थात विरघळतात, त्यामुळे पाणी गेलं तरी रंग जागेवर राहतो. (अंड्याचा बलक गडद पिवळा दिसावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालतात, तो याच ल्युटिनसाठी.) गुलाबाचं उलटं आहे. त्याचं अँथोसायनिन हे रंगद्रव्य पेशीतल्या पाण्यातच विरघळलेलं असतं. पाणी आटलं की रंग दाटतो आणि लालभडक पाकळी काळपट मरून रंगाची होऊन बसते. म्हणून लाल गुलाब वाळवून हिरमुसण्यापेक्षा सरळ गुलाबी घ्यावा; तो सुकून एक छटा गडद होतो, पण देखणा राहतो. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्याही छान वाळतात. त्यांतलं अँथोसायनिन बरंच टिकाऊ असतं: वाळलेल्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकल्या की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळट गुलाबी.

नवशिक्यांनी मात्र बोगनवेलीपासून सुरुवात करावी. तिचा रंगीत भाग ही पाकळी नसून रंगीत पान असतं. मधली बारीक पांढरट नळी ते खरं फूल. ही पानं मुळातच कागदासारखी पातळ, त्यामुळे फार काही करावं लागत नाही.

झेंडू वाळवताना अख्खं फूल ठेवू नका. एक ‘पाकळी’ उपटून जवळून पाहा. तिच्या बुडाशी काळपट, काडीसारखा भाग दिसेल. ते होऊ घातलेलं बी, म्हणजे तुमच्या हातातली पाकळी हे स्वतःच एक छोटं फूल आहे. अशी अनेक फुलं ज्या हिरव्या पेल्यात घट्ट बसलेली असतात, तिथे ओल सर्वांत जास्त वेळ राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. पेला टाकून द्या, पाकळ्या सुट्या करून परातीत जुन्या कागदावर एकेरी थरात पसरा आणि सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात लवकर वाळतील हे खरं, पण कॅरोटिनॉइडचा खरा शत्रू प्रकाशच. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत काम होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हवेतच एवढी वाफ असते की पाकळीतलं पाणी जायला जागा मिळत नाही. तेव्हा हा उद्योग न केलेलाच बरा, किंवा मग सिलिका जेल वापरावं.

सिलिका जेल म्हणजे बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पुडीतले दाणे. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग इतका मोठा की एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर भरतो आणि पाण्याचे रेणू त्यालाच चिकटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात दाण्यांचा थर, त्यावर पाकळ्या, वरून पुन्हा दाणे. दाणे सगळ्या बाजूंनी आधार देत असल्याने पाकळी आक्रसून वेडीवाकडी होत नाही. थकलेले दाणे ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांना तापवले की पुन्हा वापरता येतात. निळे दाणे ओले झाल्यावर गुलाबी होतात, पण तो रंग विषारी कोबाल्ट क्लोराइडचा असतो. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी दाणे घ्या, आणि सिलिका जेलमध्ये वाळवलेल्या पाकळ्या खाण्याच्या पदार्थांवर टाकू नका.

पाकळी चिमटीत धरल्यावर चुरचुरली, म्हणजे वाळली. पापडासारखी तीही हवेतली ओल परत ओढते, म्हणून लगेच कोरड्या बरणीत भरून झाकण घट्ट लावावं. बरणी काचेची असेल तर कपाटात ठेवा. खिडकीतल्या बरणीत उजेडाकडची बाजू आधी फिकी पडते.