समुद्रातला पायरेट हळदीपर्यंत कसा आला

आपल्या मराठवाड्याला समुद्रच नाही, म्हणून चाचे (समुद्रातले दरोडेखोर, म्हणजेच पायरेट) हा शब्द पण आपल्याकडं कुणाच्या तोंडात नसतो, दरोडेखोर म्हणलं की लगेच कळतं. पायरेट हा शब्द मात्र सगळ्यांना माहीत, तो पण पायरेटेड सीडीमुळं. हा शब्द मुळात ग्रीक. पेइराओ म्हणजे प्रयत्न करणे, हल्ला करून बघणे, त्यावरून पेइरातेस, मग लॅटिनमधे पिराटा आणि तिथून इंग्रजीत पायरेट. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की एक्सपेरिमेंट हा शब्द पण याच मुळातून आलाय, दोन्हीकडं धोका पत्करून काहीतरी करून बघणं आहेच. सतराव्या शतकात लंडनमधे परवानगी न घेता दुसऱ्याचं पुस्तक छापणाऱ्याला पायरेट म्हणायला लागले, म्हणजे कॉपी करण्याचा अर्थ सीडीच्या कितीतरी आधीचा आहे.

पण पायरेट कोण, हे ठरवतं कोण? कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल म्हणजे प्रमुख, कोकण किनाऱ्यावर जहाजांनी त्यांचं दस्तक म्हणजे परवाना घ्यावा हा त्यांचा हक्क, तरी इंग्रजांच्या कागदांत ते पायरेटच. आजचा आंतरराष्ट्रीय सागरी कायदा (१९८२ चा) सांगतो की लूट खाजगी फायद्यासाठी पाहिजे, खुल्या समुद्रात पाहिजे आणि एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर पाहिजे, तरच ती पायरसी. तेच बंदरात घडलं तर तो साधा दरोडा.

आता हळदीचं बघा. वसमतच्या मोंढ्यात जी हळकुंडं येतात ती आधी कुकरमधे वाफेवर शिजवलेली, उन्हात खडखडीत वाळवलेली आणि ड्रममधे पॉलिश केलेली असतात, आणि ते काम करताना कुणाचं बोट कापलं तर हळद दाबायची हे लेकराला पण सांगावं लागत नाही. याच वापराचं, म्हणजे जखम भरायला हळद, याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला मिळालं! लोकांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान असं आपल्या नावावर करून घेणं, यालाच बायोपायरसी म्हणतात, आणि मला हा शब्द अगदी बरोबर वाटतो.

सीएसआयआरनं (भारताची वैज्ञानिक संशोधन संस्था) १९९६ मधे पेटंटला आव्हान दिलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते. खरी अडचण अशी की तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात दुसऱ्या देशातलं तोंडी ज्ञान धरतच नव्हते, छापलेलं पाहिजे, त्यामुळं आज्जीच्या बटव्याला तिथं किंमत शून्य. मग ३२ संदर्भ शोधून दिले, काही संस्कृत, काही उर्दू, हिंदी, त्यात १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक पेपर पण होता, आणि १९९७ मधे पेटंट रद्द झालं.

त्यानंतर २००१ पासून जुन्या ग्रंथांतलं औषधी ज्ञान पाच परदेशी भाषांत डिजिटल करायला घेतलं आणि २००९ मधे ते युरोपच्या पेटंट ऑफिसला तपासणीसाठी खुलं केलं. पण त्यात मुख्यतः ग्रंथांतलंच आहे. शेतात निंदणाऱ्या बायांना कोणता पाला कशावर चालतो हे माहीत असतं, ते कुठल्या ग्रंथात सापडणार? त्याच्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगाव लोक जैवविविधता नोंदवहीची सोय केलीय, ग्रामपंचायतीत जाऊन मागून बघा, आणि तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असलेली औषधं तिच्यात नसतील तर लिहून घ्यायला लावा.