मेन कून की नॉर्वेजियन फॉरेस्ट? आधी नाक बघा

लांब केस, झुपकेदार शेपूट आणि कानांच्या टोकांना लव दिसली की मांजर लगेच ‘मेन कून’ म्हणून सांगितलं जातं. नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅटलाही हे सगळं असतं. मेन कून अमेरिकेतल्या मेन राज्याची, १९८५ पासून तिथली अधिकृत राज्य-मांजर, दुसरी नॉर्वेची. दोघींचा अंगरखा बर्फासाठीच घडलेला, म्हणून केसांवरून ओळखायला गेलात तर फसाल.

मांजर बाजूने बघा. नॉर्वेजियनच्या कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची रेष पट्टीने आखल्यासारखी सरळ असते. मेन कूनच्या नाकाला डोळ्यांच्या पातळीवर हलका बाक असतो. त्यावरून बोट फिरवलं तरी जाणवतो. समोरून नॉर्वेजियनचा चेहरा त्रिकोणी, डोळे बदामी आणि कान त्या त्रिकोणाच्या रेषेतच. मेन कूनचं तोंड चौकोनी, पुढे आलेलं. कान मोठे आणि डोक्यावर उंच. नॉर्वेजियनचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब असतात, तर मेन कून अंगाने लांबट.

वजनावर जाऊ नका. मेन कूनचा बोका साधारण ६ ते ८ किलोचा, पण दोन्ही जाती पूर्ण भरायला ३ ते ५ वर्षं घेतात. आणि पिल्लाचं नाक चपटं असेल तर त्यात बहुधा पर्शियन रक्त आहे, विकणारा काहीही म्हणो.

पिल्लू घेताना आईबापांचे तपासणी अहवाल मागाच. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो. त्याची जनुकीय चाचणी आहे, पण ती चांगली आली तरी प्रजननाच्या मांजरांची सोनोग्राफी हवीच, कारण हा आजार त्या एकाच जनुकामुळे होत नाही. नॉर्वेजियनमध्ये साखर साठवणुकीचा एक आनुवंशिक दोष असतो. आईबाप दोघेही वाहक असले तरच तो पिल्लात उतरतो.

नाशिकची थंडी या मांजरांना मानवते. खरी कसोटी एप्रिल-मेची. उन्हाळ्याच्या तोंडावर आतली मऊ लोकर गळते, तेव्हा धातूचा रुंद दातांचा कंगवा रोज फिरवा. एरवी आठवड्यातून दोनदा पुरे. जट आधी काखेत, कानामागे आणि मागच्या मांड्यांवर धरते. तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, मुळाशी केस चिमटीत धरा आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत या. आधी अंघोळ घातलीत तर जट आणखी आवळते. कात्री तर लावूच नका: जटेसोबत कातडीही वर ओढली जाते आणि कापली जाते.

उकाड्यात मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर थांबू नका. पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा, बर्फ टाळा आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.