प्रोस्टेटचा कॅन्सर ‘एकट्या पुरुषाचा’ नव्हे

प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरबद्दल सांगली-मिरजेकडे अजून ऐकू येतं : “हा बाप्यांचा आजार, बाईला डॉक्टरकडे आत कशाला न्यायचं?” आणि जोडीला दुसरं, “उपचार झाले की नवरा-बायकोचं नातं संपलंच.” दोन्ही चूक.

दुसऱ्या समजात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो टिकलाय. ऑपरेशनमध्ये लिंगाच्या ताठरतेच्या नसा दुखावू शकतात, काही काळ लघवी गळते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं (त्याचा या कॅन्सरशी असलेला संबंध सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवला). मग इच्छा मंदावते, अंगातून वाफा निघतात, चिडचिड वाढते. बायकोला हे ठाऊक नसेल तर तिला वाटतं, याचं माझ्यावरचं मन उडालं. तो लाजेपोटी वेगळ्या खोलीत झोपतो. हा अबोला काही औषधाने आलेला नसतो.

नसा सावरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. गोळ्या, ताठरता आणणारा पंप, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अनेकांना उपयोगी पडतात. ताठरता नसली तरी जवळीक, अगदी कामतृप्तीही शक्य असते. आणि हो, शरीरसंबंधातून कॅन्सर लागत नाही.

पुढच्या तपासणीला बाहेर बाकावर फाईलची पिशवी सांभाळत बसलेल्या वहिनींनाही आत न्या. कित्येकदा झोप त्यांचीच जास्त उडालेली असते.