वॉशिंग्टन राज्यातली ‘एल अँड आय’ कपात पेरोलमध्ये कशी बसवायची

पुण्यात बसून अमेरिकी कंपन्यांचे पगार काढणारे आणि सिएटल-बेलव्ह्यूकडे स्वतःचं छोटं हॉटेल किंवा डे-केअर चालवणारे, दोघंही एका ठिकाणी हमखास अडकतात. आपल्याकडच्या ‘ईएसआय’ची सवय डोक्यात असते. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराचे, ३.२५ टक्के मालकाचे, की झालं. वॉशिंग्टनचं कामगार नुकसानभरपाईचं खातं (कामावर इजा झाली तर कामगाराला भरपाई देणारा विमा, त्याचीच ही ‘एल अँड आय’ कपात) मात्र टक्क्यांत चालतच नाही. तिथे हिशोब तासांचा आहे. पगार ताशी १८ डॉलर असो की ८०, एकाच प्रकारच्या कामाला तासामागे तेवढेच पैसे. पेरोल सॉफ्टवेअरमधल्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात, कारण नवी कपात बनवायला घेतली की बरीच सॉफ्टवेअर आधी टक्केवारी नाहीतर ठरावीक रक्कम विचारतात.

त्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: या राज्यात कामगाराच्या पगारातून पैसे कापता येतात का? बहुतेक राज्यांत मालक खासगी विमा कंपनीकडून पॉलिसी घेतो, सगळा हप्ता स्वतः भरतो आणि कामगाराच्या पगाराला हात लावता येत नाही. वॉशिंग्टन, ओहायो, नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग या चार राज्यांत हा विमा सरकारी निधीकडूनच घ्यावा लागतो. मोठ्या कंपन्यांना वॉशिंग्टन आणि ओहायोत परवानगीने स्वतःचा विमा स्वतः उतरवता येतो, तेवढाच अपवाद. पण सरकारी निधी आहे म्हणजे कामगाराचा वाटा आहे, असं समजू नका. ओहायोत हप्ता पूर्ण मालकाचा. वॉशिंग्टनमध्ये मात्र कामगाराचा वाटा कायद्यातच आहे.

वॉशिंग्टनची ही व्यवस्था १९११च्या कायद्यातून आली. कारभार ‘डिपार्टमेंट ऑफ लेबर अँड इंडस्ट्रीज’कडे, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘एल अँड आय’. राज्यात एक जरी कामगार ठेवला तरी खातं लागतं. कंपनी टेक्सासची असली आणि तिचा एकच कर्मचारी रेडमंडमधल्या घरून कायमस्वरूपी काम करत असला, तरीही. दुसऱ्या राज्यात घेतलेली खासगी पॉलिसी इथे दाखवून भागत नाही.

एकल मालक, भागीदार आणि ठरावीक अटी पूर्ण करणारे कंपनीचे अधिकारी आपोआप या विम्यात येत नाहीत. त्यांना हवं असेल तर वेगळा अर्ज करून संरक्षण घेता येतं. आपल्या लोकांची गफलत होते ती घरच्या माणसांबाबत. १८ वर्षांखालच्या स्वतःच्या मुलांना असलेली सूट कुटुंबाच्या शेतावरच्या कामापुरती आहे, हॉटेलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला ती लागू नाही. ‘आम्ही त्याला कंत्राटदार म्हणून ठेवलंय’ हेही पुरेसं नाही. करारात मुख्यतः त्या माणसाची अंगमेहनत विकत घेतली जात असेल, तर एल अँड आय त्याला विम्यातला कामगारच धरू शकते.

खातं उघडायला एल अँड आयकडे वेगळा अर्ज करावा लागत नाही. राज्याच्या महसूल खात्याकडे व्यवसाय परवान्याचा जो अर्ज जातो, त्यातच ‘कामगार ठेवणार का’ हा भाग असतो. कंपनी किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल तर आधी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, म्हणजे कंपन्या नोंदवणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदणी हवी. अर्ज भरायला बसताना व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि प्रकार, फेडरल ईआयएन (मालकाचा केंद्रीय कर क्रमांक), मालकांचे तपशील, पहिला कामगार कामावर येण्याची तारीख, अंदाजे किती कामगार आणि किती तास, हे सगळं हाताशी ठेवा. आणि ‘कामाचं स्वरूप’ या रकान्यात कंजुषी करू नका. ‘फूड बिझनेस’ एवढंच लिहिलं तर वर्गवारी कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नाही. स्वयंपाक जागेवर होतो का, डिलिव्हरी स्वतः करता का, गोदाम आहे का, हे नीट लिहा, कारण त्यावरून एल अँड आय जोखमीचे वर्ग ठरवते आणि दर वर्गागणिक बदलतो. हॉटेलचा वर्ग वेगळा, कार्यालयीन कारकुनाचा वेगळा. कारकुनी दर फार स्वस्त असल्याने प्रत्येकाला वाटतं की आपला हिशोबनीस त्यात बसावा. पण त्यासाठी त्याची जागा प्रत्यक्ष कामाच्या जागेपासून भिंतीने वेगळी हवी आणि त्याने फक्त कार्यालयीन काम करायला हवं. मधूनच ऑर्डर पोचवणारा हिशोबनीस त्यात बसत नाही.

अर्ज मंजूर झाला की नऊ आकडी यूबीआय क्रमांक (राज्यातला व्यवसायाचा ओळख क्रमांक), एल अँड आयचा खाते क्रमांक आणि दरपत्रक हाती येतं. पेरोलच्या दृष्टीने हे दरपत्रक सर्वांत महत्त्वाचं. नवे दर १ जानेवारीपासून लागू होतात आणि नवं दरपत्रक त्याआधी डिसेंबरमध्ये येतं. ते कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून राहतं आणि जानेवारीचा पहिला पगार जुन्या दराने निघतो.

दराचे चार तुकडे असतात: अपघात निधी, वैद्यकीय निधी, ‘स्टे ॲट वर्क’ (जखमी कामगाराला हलकं काम देणाऱ्या मालकाला मदत) आणि पूरक पेन्शन निधी. अपघात निधी पूर्ण मालकाचा. उरलेल्या तिन्हींचा निम्मा भाग कामगाराच्या पगारातून कापता येतो, त्याहून जास्त नाही. पहिल्या तीन तुकड्यांना तुमच्या व्यवसायाचा ‘एक्सपिरियन्स फॅक्टर’ (मागच्या दाव्यांवरून ठरणारा गुणक) गुणला जातो, पेन्शनच्या तुकड्याला नाही. म्हणून शेजारच्या हॉटेलचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. फॅक्टर १ धरा. तासामागे अपघात ४० सेंट, वैद्यकीय २०, स्टे ॲट वर्क २, पेन्शन २०. एकूण ८२ सेंट. कामगाराचा वाटा २०, २ आणि २० यांच्या बेरजेच्या निम्मा, म्हणजे २१ सेंट. मालकाचे ६१. एकूण ८२चे सरळ निम्मे करून ४१ सेंट कापणं ही सर्रास होणारी चूक आहे, आणि ती बेकायदा कपात ठरते. खरं तर ही बेरीज करत बसायची गरजच नाही. कामगाराकडून तासामागे किती कापता येईल तो आकडा दरपत्रकावर तयार असतो. तोच उचला. मालकाला सगळा भार स्वतः उचलायचा असेल तर कपात शून्य ठेवता येते.

आता सॉफ्टवेअर. दोन वेगळे आयटम बनवा, एक कामगाराच्या कपातीचा आणि एक मालकाच्या हिश्श्याचा. दोन्हींचा आधार ‘तास’ निवडा. क्विकबुक्स डेस्कटॉपमध्ये आयटम बनवताना तासांवर हिशोब करण्याचा पर्याय मिळतो. इतरत्र तो ‘प्रति युनिट’ अशा नावाखाली लपलेला असू शकतो. कपात करोत्तर ठेवा, म्हणजे तिच्यामुळे करपात्र पगार कमी होणार नाही. कापलेले पैसे देणी खात्यात जाऊ द्या. ते मालकाचे नाहीत, तिमाहीला भरायचे आहेत.

मग कोणते तास मोजायचे ते ठरवा. मोजायचे ते प्रत्यक्ष काम केलेलेच. पगारी सुट्टी, आजारपणाची रजा, सण यांचे तास वगळायचे. ओव्हरटाइमचा तास दीडपट पगाराचा असला तरी इथे एकच तास. वरच्या उदाहरणात दोन आठवड्यांचे ८० तास आणि त्यात ८ तास आजारपणाची रजा असेल, तर ७२ गुणिले ०.२१, म्हणजे १५.१२ डॉलर. रजेचा प्रकार आयटमला जोडलेला राहिला तर १६.८० कापले जातात. फरक किरकोळ दिसतो, पण तो प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक रजेत साचत जातो.

महिन्याच्या ठरलेल्या पगारावर असणाऱ्यांचे तास नोंदवले जात नसतील, तर महिन्याला १६० तास धरता येतात. सॉफ्टवेअर मात्र दोन आठवड्यांच्या पगाराला ८० तास टाकतं. २६ पगारांचे होतात २०८० तास, तर नियमाने वर्षाचे १९२०. म्हणजे माणशी १६० तासांचा जास्तीचा हप्ता. दर पगाराला ७३.८५च्या आसपास तास बसवा किंवा तिमाहीला ४८० वर आणून जुळवा.

कर्मचारी एच-१बीवर असेल तर हमखास येणारा प्रश्न: या कपातीतून सूट मिळते का? तात्पुरत्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला सूट मिळते ती ‘डब्ल्यूए केअर्स’च्या (राज्याचा दीर्घकालीन देखभाल विमा) ०.५८ टक्के कपातीतून. पगारपत्रकात दोन्ही ओळी शेजारी असतात, म्हणून लोक गल्लत करतात. एल अँड आयला व्हिसाची सूट नाही.

तिमाही अहवाल ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन भरायचा. त्या तिमाहीत कोणीच काम केलं नसेल तरी शून्याचा अहवाल द्यावाच लागतो. तासांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवा.

शेजारच्या ओरेगॉनचा क्लायंट असेल तर वॉशिंग्टनचा साचा तिथे चिकटवू नका. तिथे विमा पॉलिसी वेगळी, आणि ‘वर्कर्स बेनिफिट फंड’ची आकारणी वेगळी. ही आकारणीही तासावरच आहे. २०२४ आणि २०२५ साली तासाला २ सेंट होती, त्यातला निम्मा वाटा कामगाराचा. जोखमीचे वर्ग वगैरे भानगड तिथे या आकारणीला नाही. न्यू मेक्सिकोत तास किंवा पगार दोन्ही नाही, दर तिमाहीला माणशी ठरावीक फी असते.

आणि वर्षअखेरीस डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याचं पगार आणि कराचं वार्षिक पत्रक) काढताना वॉशिंग्टनच्या कर्मचाऱ्यांची ही कपात १४व्या चौकटीत दाखवली तर बरं. पूरक पेन्शन निधीतली कामगाराची सक्तीची वर्गणी फेडरल विवरणपत्रात राज्य आयकरासारखी वजावट म्हणून धरली जाते. उपयोग फक्त तपशीलवार वजावटी घेणाऱ्यांना, पण घराचं कर्ज फेडणारे असे बरेच असतात, आणि मार्चमध्ये ते आकडा विचारायला पेरोलवाल्यालाच फोन करतात.