जर्मन देशभक्तिपर पोस्टकार्डे, युद्धकालीन

पहिल्या महायुद्धात (1914–18) जर्मन सैनिकांनी आघाडीवरून घरी पाठवलेली सचित्र कार्डे. एका बाजूस राष्ट्रभक्तीचे चित्र व दुसऱ्या बाजूस मजकूर आणि पत्ता, अशी त्यांची रचना असे. सैन्याच्या टपालव्यवस्थेला जर्मन भाषेत ‘फेल्डपोस्ट’ म्हणतात. सैनिकाला कार्डासाठी व 50 ग्रॅमपर्यंतच्या पत्रासाठी तिकीट लावावे लागत नसे. तिकिटाच्या जागी हाताने ‘फेल्डपोस्ट’ लिहिले आणि तुकडीचा शिक्का उमटला, की कार्ड मार्गी लागे. युद्धकाळात या व्यवस्थेने दोन्ही दिशांना मिळून सुमारे 28.7 अब्ज टपालवस्तू वाहिल्या, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो.

पोस्टकार्डाची मूळ कल्पना कोणाची, हा जर्मन व ऑस्ट्रियन लेखकांमधील जुना वाद आहे. प्रशियाचे टपाल अधिकारी हाइनरिख फॉन श्टेफान यांनी 1865 मध्ये कार्ल्सरूह येथील टपाल परिषदेच्या वेळी ‘उघड्या टपालपत्रा’ची सूचना केली, असे जर्मन परंपरा सांगते, मात्र ती अंमलात आली नाही. व्हीनर नॉयश्टाट येथील सैनिकी अकादमीतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एमान्युएल हेरमान यांचा याविषयीचा लेख 26 जानेवारी 1869 रोजी व्हिएन्नाच्या एका वृत्तपत्रात आला आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीने जगातील पहिले सरकारी कार्ड काढले. सूचनेचा मान श्टेफान यांना दिला, तरी कार्ड प्रत्यक्षात येण्याचे श्रेय हेरमान यांच्याकडेच जाते. प्रशियाच्या नेतृत्वाखालील उत्तर जर्मन संघात कार्ड आले ते 1870 च्या उन्हाळ्यात, आणि पाठोपाठ जुलैमध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले.

कार्डावर चित्र प्रथम कोणी छापले, हा प्रश्न याच युद्धाशी निगडित आहे. ओल्डेनबुर्गचे पुस्तकविक्रेते आउगुस्ट श्वार्ट्स यांनी 16 जुलै 1870 रोजी, म्हणजे सैन्य जमवण्याचा हुकूम निघाला त्याच सुमारास, कार्डाच्या कोपऱ्यात तोफेजवळ उभ्या तोफचीचा छोटा ठसा छापून ते माग्डेबुर्गला आप्तांकडे पाठवले. फ्रेंच दावा लेओं बेनार्दो यांचा आहे. सिये-ल-गियोम या गावातील या दुकानदाराने 1870 च्या अखेरीस जवळच्या काँली छावणीतील सैनिकांसाठी शस्त्रांची चित्रे असलेली कार्डे छापली. त्यांवर तिकिटासाठी जागा नव्हती आणि ती पाकिटाविना टपालात पडल्याचा पुरावा मिळत नाही. त्यामुळे दिनांकाने निश्चित होणारे श्वार्ट्स यांचे कार्ड अग्रक्रमाचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोघांपैकी कोणीही पहिला ठरला, तरी सचित्र कार्डाचा जन्म सैनिकांच्या सावलीत झाला, एवढे खरे.

1914 पर्यंत जर्मनी हे कार्डछपाईचे मोठे केंद्र झाले होते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू होताच बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन येथील छापखान्यांनी देशभक्तीची कार्डे बाजारात लोटली. कैसर विल्हेल्म दुसरा व ऑस्ट्रियाचा वृद्ध सम्राट फ्रान्झ योसेफ यांची जोडी, ओकच्या पानांची चौकट, ढाल-तलवार घेतलेली जर्मानिया (जर्मनीचे स्त्रीरूप) आणि 5 ऑगस्ट 1914 रोजी पुन्हा सुरू केलेले लोहक्रॉस पदक ही चित्रे वारंवार आढळतात. रशियन सैन्यावरील टानेनबेर्गच्या विजयानंतर सेनापती हिंडेनबुर्ग यांचा चेहरा घरोघरी पोचला. ‘एकेक गोळीला एकेक रशियन, एकेक घावाला एकेक फ्रेंच’ ही मुळात यमकात असलेली घोषणा आणि ‘देव इंग्लंडला शिक्षा करो’ हे वाक्य सुरुवातीच्या काळात खूप चालले. पुढे अशा कार्डांचा ओघ ओसरत गेला. त्यांची जागा खंदकातील नाताळवृक्ष, घराची आठवण काढणारा पहारेकरी आणि युद्धकर्जाचे (युद्धखर्चासाठी सरकारने नागरिकांकडून घेतलेल्या कर्जाचे) आवाहन यांनी घेतली. कागदही हलका व करडा होत गेला.

या सर्वांहून वेगळा प्रकार म्हणजे छायाचित्र कार्ड. सुमारे 9 × 14 सेंमी. आकाराच्या छायाचित्रकागदाच्या मागे पत्त्याच्या रेघा आधीच छापलेल्या असत. सैनिक स्वतःचा किंवा पथकाचा फोटो काढवून तोच घरी धाडत.

पाठीमागचा मजकूर बहुधा पेन्सिलीत असतो. कॉपिंग पेन्सिल (शिशात रंग मिसळलेली पेन्सिल) वापरली असेल, तर जिथे पाणी लागले तिथे अक्षर जांभळे होऊन फुटलेले दिसते. लिपी ‘कुरेंट’ ही जुनी जर्मन वळणदार लिपी. आजच्या जर्मन वाचकाला ती लागत नाही, जशी आपल्याला आजोबा-पणजोबांची मोडी लागत नाही. मजकूर ठरावीक : मी बरा आहे, तुम्हीही बरे असाल, पार्सल पोचले, मोजे पाठवा. समोर कैसर, मागे मोजे! गावाचे नाव लिहिण्यास मनाई असल्याने वर नुसते ‘रणक्षेत्रातून’ असे लिहीत. छापील चित्राखालचे फ्रेंच गावाचे नाव खोडलेली कार्डेही आढळतात. आरंभी तपासणी तुकडीतील वरिष्ठच करीत. 1916 पासून त्यासाठी स्वतंत्र टपाल-तपासणी केंद्रे आली. पत्त्यासाठी फेल्डपोस्ट क्रमांकांची पद्धत 1917 मध्ये सुरू झाली.

चित्र हे पाठवणाऱ्याचे मत मानावे काय, याविषयी अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. काहींच्या मते कार्डांच्या निवडीतून जनमानस दिसते. इतर म्हणतात, की सैनिक कँटीनमध्ये मिळेल ते कार्ड घेई, आणि वरिष्ठ वाचणार हे ठाऊक असल्याने लिहितानाही जपून लिही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणूनच दोन्ही बाजू सोबत वाचल्याशिवाय कार्डाविषयी काही ठरवू नये. अल्बममध्ये चिकटवून मागील बाजू कायमची झाकणे हा त्या लिहिणाऱ्या माणसावर अन्याय आहे.

महाराष्ट्राशी या टपालाचा संबंध उलट दिशेने येतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे ब्रिटिशांनी जर्मन नागरिकांना व कैद्यांना स्थानबद्ध केले होते. त्यांचेही टपाल तपासणीतून जर्मनीला जाई. मात्र त्यात देशभक्तीच्या चित्रांना वाव नव्हता.

दुसऱ्या महायुद्धातही फेल्डपोस्ट चालू होते, पण रंगीत देशभक्तिपर कार्डाला पूर्वीचे स्थान उरले नाही. पहिल्या महायुद्धातील चित्रकार्डांचा एक मोठा संग्रह ओस्नाब्र्युक विद्यापीठात आहे, तर फेल्डपोस्टमधील पत्रे व कार्डे बर्लिनच्या संप्रेषण संग्रहालयात जतन केली आहेत.