साहाय्यस्वीकार, व्यसनमुक्तीतील

व्यसन एकट्याच्या बळावर सुटत नाही हे मान्य करून डॉक्टर, समुपदेशक, कुटुंबीय किंवा व्यसनातून बाहेर पडलेल्या दुसऱ्या व्यक्तीची मदत घेणे. मदत नाकारणाऱ्याला हट्टी ठरवले जाते. प्रत्यक्षात त्याला बहुधा भय अडवत असते. चारचौघांत कळेल, नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कारखान्यातली नोकरी जाईल, ‘टर्की’ (व्यसन तोडल्यावर होणारा शारीरिक त्रास) सोसवणार नाही, ही त्याची सर्वपरिचित रूपे.

यांतील शेवटचे भय निराधार नाही. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास साधारणतः ६ ते २४ तासांत कंप, घाम व बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. ४८ ते ९६ तासांच्या सुमारास काहींना भ्रम होऊन जिवावर बेतते. घरात कोंडून दारू सोडवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

साहाय्यस्वीकाराला पहिली पायरी मानण्याचा प्रघात मुख्यतः अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या संघटनेमुळे रूढ झाला (स्थापना : ॲक्रन, ओहायओ, १९३५). तिच्या उगमकथेतील एका दुव्याचा काळ वादग्रस्त आहे. दारूच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या रोलंड हॅझर्ड या अमेरिकन उद्योजकाला स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी, आध्यात्मिक परिवर्तनावाचून तुमची सुटका अवघड आहे, असे सांगितल्याचे मानले जाते. हॅझर्डकडून हा विचार ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती आध्यात्मिक चळवळीतील परिचितांमार्फत एएचे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्यापर्यंत पोहोचला. विल्सन यांनी १९६१ मध्ये युंग यांना लिहिलेल्या पत्रात हे उपचार सुमारे १९३१ चे म्हटले आहेत. ते झाले की नाहीत अशीही शंका काही अभ्यासकांनी घेतली होती. मात्र पुढे तपासल्या गेलेल्या कौटुंबिक कागदपत्रांवरून १९२६ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एएच्या बारा पायऱ्यांपैकी चौथीत स्वतःचा लेखाजोखा लिहायचा असतो. भयांची वेगळी नोंदही त्यात करतात. पाचवीत तो दुसऱ्या माणसापुढे उघड करायचा. भय दुसऱ्याजवळ बोलून दाखवल्याने सैल होते, ही या पद्धतीची मोलाची जाण आहे. पंचवटीपासून सिडकोपर्यंत कोणाची ना कोणाची ओळख निघणाऱ्या नाशिकमध्ये सदस्याची ओळख उघड न करण्याचा एएचा अनामिकतेचा नियम त्यासाठी विशेष मोलाचा.

दुसरी परंपरा नाशिक जिल्ह्यातील आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून स. ना. गोयंका यांच्या पद्धतीची विपश्यना शिबिरे होतात. दहा दिवसांच्या शिबिरात तल्लफ, भीती यांच्याबरोबर उठणाऱ्या शारीरिक संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याचा सराव होतो. याच पद्धतीचे शिबिर केलेल्या सिॲटल येथील कैद्यांमध्ये सुटकेनंतर मद्य व काही अमली पदार्थांचे सेवन तुलनेने कमी आढळले (२००६). सहभागी स्वेच्छेने आलेले असल्याने हा निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो. शिबिराला दारू उतरवण्याच्या वैद्यकीय उपचाराची जागा घेता येत नाही.

महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने (१९८६) औषधोपचार, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग एकत्र आणले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश असून रुग्णाच्या संमतीला महत्त्व दिले आहे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ असून तेथे कुटुंबीयांनाही विचारणा करता येते.