चेक इंजिनचा दिवा लागलाय? कोड पुसू नका, गाडी तशीच घेऊन या

नाशिकच्या अंबडला आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये काही ना काही बदल केलेला असतो. कुणी रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं सेटिंग बदलणं) केलेलं असतं, कुणी कोन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लावलेला असतो, कुणी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेलं असतं. तक्रार एकच: गाडी मिसिंग करते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), पिकअप घेताना झटके मारते, मीटरमध्ये पिवळा दिवा आलाय. आम्ही स्कॅनर लावतो आणि आत काहीच सापडत नाही. निघण्याआधी मालकांनी मोबाइलच्या ॲपवरून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसलेला असतो, नाहीतर "बॅटरीची टर्मिनल थोडा वेळ काढून ठेव, दिवा जाईल" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दिवा जातोही. पण पंचनाम्याआधी जागा धुऊन काढावी तसं होतं. बिघाड गाडीतच राहतो, त्याचा माग तेवढा जातो.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याचं, पी ०३०० म्हणजे मिसिंग एका ठराविक सिलिंडरला बांधलेलं नाही, एवढं आता बऱ्याच जणांना पाठ आहे. कोडच्या जोडीला ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणखी एक नोंद ठेवतो, ती मात्र कुणी पाहत नाही. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिनवर लोड किती होता, कूलंट किती तापलं होतं, वेग किती होता, फ्युएल ट्रिम (इंधन कमी-जास्त करून ईसीयू करतो ती दुरुस्ती) कुठे होती, हे सगळं त्यात असतं. समजा दोन गाड्या आल्या, दोन्हींत पी ०३०२. एकीची नोंद सांगते: इंजिन थंड, गाडी उभी, आरपीएम ९००. दुसरीची सांगते: कूलंट ९० डिग्री, आरपीएम ३०००, लोड जवळजवळ पूर्ण, म्हणजे गाडी कसारा घाट चढत होती. पहिलीत आम्ही प्लगच्या खाचेत साचलेलं पाणी, गळणारा इंजेक्टर, मॅनिफोल्डची गळकी गॅस्केट बघणार. दुसरीत आधी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) आणि पेट्रोलचं प्रेशर. कोड तोच असला तरी हात घालायची जागा वेगळी.

कोड पुसला की ही नोंद जाते. ईसीयूने स्वतः शिकून ठेवलेल्या फ्युएल ट्रिमही बऱ्याच गाड्यांत शून्यावर येतात, आणि कॅट-कॉन (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर वगैरेंच्या आतल्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मग तोच बिघाड परत येईपर्यंत गाडी चालवण्यावाचून आमच्या हातात काही उरत नाही. त्यासाठी आम्ही गाडी सिन्नर रस्त्याला मोहदरी घाटापर्यंत नेतो, कारण सपाट रस्त्यावर लोडखालचं मिसिंग दिसत नाही. त्यात तुमचं पेट्रोल जातं आणि अर्धा दिवस जातो. तासाभरात उलगडणारं काम दोन दिवस लांबतं ते यामुळे.

घरी स्कॅनर ठेवायला आमची हरकत नाही, उलट जरूर ठेवा. कोड वाचा, फ्रीझ फ्रेमचं पान उघडून स्क्रीनशॉट काढा आणि आम्हाला पाठवा. पुसण्याचं बटण तेवढं दाबू नका.

दिवा नुसता लागून राहिला असेल आणि गाडी बरी चालत असेल, तर सावकाश आमच्यापर्यंत आणता येईल. दिवा लुकलुकत असेल तर मात्र ताबडतोब ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅट-कॉनमध्ये जाऊन तिथे जळत असतं, आणि त्या उष्णतेने आतली जाळी वितळते. कॉइलच्या खर्चात मिटणारं काम मग कॅट-कॉनच्या किमतीवर जातं. अशा वेळी गाडी टो करून आणलेली परवडते.

आता आमच्या पद्धतीबद्दल थोडं. "कोड दुसऱ्या सिलिंडरचा आहे ना, मग कॉइल बदलून टाका," असं पुष्कळ जण म्हणतात. आम्ही तसं करत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावतो, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी फिरवतो. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. हवेच्या गळतीचा संशय आला तर स्मोक टेस्ट करतो, म्हणजे पाइपांत धूर सोडून तो कुठून बाहेर पडतो ते बघतो. या तपासणीचे पैसे आम्ही वेगळे लावतो आणि ते अनेकांना खटकतात. पण चांगली कॉइल काढून नवी बसवण्यात तुमचे जास्त पैसे जातात, आणि मिसिंग तसंच राहतं. दुरुस्ती आमच्याकडेच केलीत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते.

गाडीत काय काय बदललंय ते मात्र सगळं सांगा. वॉरंटीच्या भीतीने रीमॅप लपवणारे मालक आम्हाला भेटतात. इथे कुणी तुमची वॉरंटी तपासत नाही, आणि न सांगितल्याने तपासणी भलत्या दिशेला जाते. टर्बो पेट्रोल गाडीचं बूस्ट (टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि कंपनीच्या गॅपवर ठिणगी पडायला जड जातं. अशा गाड्यांत आम्ही गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास ठेवतो आणि गरज असेल तर एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारा) प्लग घालतो. लोडखालचं कितीतरी मिसिंग एवढ्यानेच जातं. तेल लावायच्या कोन फिल्टरला तेल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं, आत येणारी हवा चुकीची मोजली जाते आणि पी ०१७१ येतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. हलकं फ्लायव्हील बसवलं असेल तर तेही सांगा. ईसीयू मिसिंग ओळखतो ते क्रँकच्या वेगातल्या चढउतारावरून, त्यामुळे फ्लायव्हील बदलल्यावर इंजिन ठीक असतानाही कोड पडू शकतो.

नाशकात सर्वांत जास्त गोंधळ सीएनजीचा दिसतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर बरी चालणारी म्हातारी कॉइल गॅसवर हात टेकते. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर आम्ही आधी प्लग आणि कॉइल बघतो, नंतर रिड्यूसरचं (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर आणि गॅसचा फिल्टर. फक्त पेट्रोलवर असेल तर न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर बहुतेक वेळा जाम झालेले सापडतात. किटचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर गॅसवर शिकलेली चुकीची ट्रिम पेट्रोलवरही लागू होते, आणि मालकांना वाटतं पंपावर पेट्रोल खराब मिळालं. म्हणून येण्याआधी गाडी दोन्हींवर चालवून बघा आणि कशावर काय झालं ते सांगा. टाकीत थोडं तरी पेट्रोल असू द्या.

ई-२० पेट्रोलबद्दल (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) रोज विचारणा होते. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२०ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं आणि ईसीयू ट्रिम वाढवून ते देतो. हवेच्या पाइपात आधीच बारीक गळती असेल किंवा पंप थकलेला असेल, तर हाच फरक ट्रिमला मर्यादेपलीकडे नेतो. इंधन बदलल्यावर दिवा आला म्हणून दोष इंधनाचाच, असं गाडी तपासल्याशिवाय आम्ही सांगणार नाही.

दसऱ्याच्या सुमारास मिसिंगच्या गाड्या वाढतात, कारण बॉनेट उघडून इंजिनवर प्रेशरने पाणी मारलेलं असतं. ते प्लगच्या खाचेत उतरतं. इंजिन ओल्या फडक्याने पुसा, तेवढं पुरतं.

कॅट-कॉन काढून टाकायचा आणि पी ०४२० (कॅट-कॉन नीट काम करत नसल्याचा कोड) सॉफ्टवेअरमधून बंद करायचा, हे काम आम्ही घेत नाही. धूर नाशिकच्याच हवेत सुटतो, आणि पुढे खरा बिघाड झाला तर तो दाखवायला दिवाच उरत नाही. जास्त प्रवाहाचा कॅट-कॉन हवा असेल तर तुमच्या मॅपला साजेसा आम्ही सुचवतो आणि बसवूनही देतो.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. थंड इंजिनाचं मिसिंग सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच दिसतं, आणि सातपूर किंवा नाशिकरोडहून चालवत आणलेली गाडी तोवर गरम झालेली असते. सोबत रीमॅप केलेल्या ट्यूनरची फाइल किंवा पावती, सीएनजी किटचे कागद आणि शेवटचे प्लग कधी बदलले त्याचं बिल आणा. बिल नसेल तर प्लग आम्ही काढून बघतोच, त्याचे वेगळे पैसे नाहीत.